झोळी आणि पदराची गाठ : टिळकांच्या संसारातला पैसा आणि श्रद्धा

१

धरणगावच्या माणसाला ‘स्मृतिचित्रे’पाशी जायला एक जवळची वाट आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, १३ ऑगस्ट १८९० रोजी आमच्या गावात जन्मले. १९०७ साली जळगावला डॉ. कीर्तिकरांच्या अध्यक्षतेखाली कविसंमेलन भरले. तिथे या पोरसवदा कवीला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा त्याच्यावर जीव जडला. पुढे काही काळ ठोमरे अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. म्हणजे जन्म आणि मृत्यू दोन्ही खानदेशात, आणि मधला एक महत्त्वाचा तुकडा एका ख्रिस्ती घरात.

मी पहिल्यांदा ‘स्मृतिचित्रे’ उघडले ते ठोमऱ्यांसाठी. आपल्या गावचा मुलगा त्या घरात कसा वागला, कोणाशी भांडला, त्याला कोणी जेवू घातले, एवढेच मला पाहायचे होते. मी शिक्षणाने संशोधक नाही. बारावीनंतर एका अडत दुकानात लिखापढीला बसलो आणि तीस वर्षे रोजमेळ आणि खतावणी लिहिली. वाचन, टिपणे, जुन्या अंकांचा शोध हे सगळे दुकान बंद झाल्यावरचे. त्यामुळे सवय अशी लागली आहे, की पुस्तकात कुठेही पैशाचा उल्लेख आला की हात पेन्सिलीकडे जातो. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मी अशा जागी समासात फुली करत गेलो. पगार, उसनवारी, भाडे, किराणा, दान, कोणाला तरी दिलेले आणि परत न आलेले. पुस्तक संपले तेव्हा समासात इतक्या फुल्या झाल्या होत्या, की मलाच आश्चर्य वाटले. धर्मांतराची कथा म्हणून गाजलेले हे पुस्तक पानोपानी घरखर्चाबद्दल बोलत होते.

या लेखात मी त्या फुल्यांचा अर्थ लावण्याचा प्रयत्न करतो आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : टिळक पतिपत्नी ख्रिस्ती श्रद्धेचे दोन वेगळे अर्थ जगले आणि ते वेगळेपण सर्वांत स्पष्ट दिसते ते पैशाच्या व्यवहारात. टिळकांची श्रद्धा पैशातून सुटण्याकडे धावते. लक्ष्मीबाईंची श्रद्धा पैसा हातात धरून वाढते. आपण वाचक पहिल्या गोष्टीला संतपण म्हणतो आणि दुसरीला बायकी व्यवहारीपणा म्हणून हसून सोडून देतो. ही वाटणी मला चुकीची वाटते.

२

आधी टिळकांची बाजू नीट मांडली पाहिजे, आणि त्यासाठी त्या काळात ख्रिस्ती माणसाच्या पैशाकडे लोक कसे पाहत हे आठवले पाहिजे.

ख्रिस्ती झालेल्या माणसावर एकोणिसाव्या शतकात पहिला आरोप होई तो पोटासाठी बाटल्याचा. आरोप करणाऱ्यांना तो सोपा वाटे, कारण वरवर पाहता पुरावा समोरच असे. धर्मांतर झाले की माणूस मिशनच्या आवारात राहायला जाई आणि मिशनची नोकरी करी. पण हे का होई, ते कोणी विचारत नसे. बाप्तिस्मा घेतलेल्याला घर, भाऊबंद, पंक्ती, बहुधा धंदाही सोडावा लागे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क कागदोपत्री राखला होता, पण गावाने वाळीत टाकलेल्या माणसाला कागद किती उपयोगी पडणार? उरे ते मिशन. म्हणजे ज्या हाताने शुभवर्तमान दिले त्याच हाताने महिन्याचा पगार येई. या एका गोष्टीने त्या काळच्या ख्रिस्ती माणसाच्या आध्यात्मिक आयुष्यात एक कायमचा काटा रुतवून ठेवला. उपदेशक बोलायला उभा राहिला की ऐकणाऱ्याच्या मनात येई, याला बोलण्याचे पैसे मिळतात. आणि कधीतरी रात्री उपदेशकाच्या स्वतःच्या मनातही तेच येत असणार.

मिशनच्या धुरीणांनाही हे कळत होते. टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत ते मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरला १८३१ मध्ये सुरू झाले होते. त्याच्या बोस्टनच्या मुख्य मंडळाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले. देशी मंडळ्यांनी आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण उचलावा आणि आपला प्रसार आपण करावा, हा त्यांचा आग्रह होता. पुढे २५ डिसेंबर १९०५ रोजी सेरामपूरला व्ही. एस. अझरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय मिशनरी संस्था स्थापली, तेव्हा माणसे हिंदी, पैसा हिंदी आणि व्यवस्था हिंदी हेच तिचे सूत्र होते. मधल्या तीन गोष्टींतली ‘पैसा हिंदी’ ही सर्वांत अवघड होती. पैसा परका असेल तर व्यवस्था आपली कशी होणार?

टिळकांचे आयुष्य या पार्श्वभूमीवर ठेवून पाहावे. ख्रिस्ती होण्याआधीही ते दुसऱ्याच्या आश्रयावर जगलेले विद्वान होते. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या पदरी राहून त्यांनी ग्रंथांची कामे केली, ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले. राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, ही हकीकत सर्वांना माहीत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर त्या दिवशी त्यांच्या खाती जमेपेक्षा नावे कितीतरी जास्त पडले : बायको, मुलगा, सासर, जात, पंडित म्हणून असलेला मान. तरीही पोटासाठी बाटल्याचा आरोप त्यांना चुकला नाही, कारण पुढची बावीस-एक वर्षे त्यांचा संसार मिशनच्या पगारावर चालला.

१९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मान होता, काम होते, स्थिर उत्पन्न होते. आणि १९१७ मध्ये त्यांनी ते सोडले. मिशनचा पगार नको, ख्रिस्ताचा संन्यासी म्हणून राहीन, असे ठरवून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ उभा करू लागले. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती.

ही दोन पावले एकमेकांपासून सुटी नाहीत, असे मला वाटते. पगार सोडणे आणि दरबाराचे दार बाप्तिस्मा न घेतलेल्यांना उघडणे, दोन्हींमागे एकच विचार आहे : माणूस आणि ख्रिस्त यांच्यामध्ये संस्था नको, तिची नोंदवही नको आणि तिचा पैसाही नको. वयाच्या पंचावन्नीत, प्रकृती साथ देत नसताना, बांधलेला पगार सोडणे ही कवीची लहर म्हणून बाजूला सारता येत नाही. पोटासाठी बाटला म्हणणाऱ्या समाजाला आयुष्याच्या शेवटी दिलेले ते उत्तर होते. स्वतःच्या मनातल्या काट्यालाही असावे.

३

आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. या वाक्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक भक्ती, अभंग आणि भाषा यांच्या अंगाने लावतात. मला त्यात पैसाही दिसतो. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी कर्जखतांतला आपला वाटा इंद्रायणीत बुडवला आणि धाकटे भाऊ कान्होबा यांचा वाटा त्यांच्या हवाली केला, असे परंपरा सांगते. मराठी माणसाच्या मनात संतपणाची जी मूर्ती आहे तिच्या हातात हे बुडणारे कागद आहेत. टिळकांनी पगार सोडला तेव्हा मराठी वाचकाला ते ओळखीचे वाटले ते यामुळे. वेष ख्रिस्ताचा, पण रीत देहूची.

मात्र देहूच्या त्या घरात आणखी एक माणूस होते. जिजाई, जिला लोक आवली म्हणतात. भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जाणारी, पोरांना काय घालू म्हणून विठोबाला बोल लावणारी. कीर्तनकाराने तिचा आवाज काढला की मंडप हसतो. लहानपणी मीही हसलो आहे. तिचे म्हणणे आपल्यापर्यंत तिच्या तोंडून कधी आलेच नाही. ते चरित्रकारांच्या आणि कीर्तनकारांच्या तोंडून आले, आणि त्या सर्वांची नजर डोंगरावर बसलेल्या नवऱ्याकडे होती.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. मराठीत पहिल्यांदा असे घडले, की संताच्या बायकोने स्वतः लिहिले आणि सविस्तर लिहिले. या पुस्तकाचे वेगळेपण मी इथे मानतो. आवलीने आत्मचरित्र लिहिले असते तर ते काय बोलले असते, याचा अंदाज बांधायला आपल्याकडे एवढे एकच पुस्तक आहे.

४

आता लक्ष्मीबाईंच्या फुल्या पाहू.

घरातले सामान संपलेले आहे, टिळकांच्या हाती पैसे आहेत आणि ते भलत्याच कामी खर्च होतात, हा प्रसंग पुस्तकात वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो. कोणी दारी आला, त्याला दिले. कोणाला पोचवायला गेले, आणि घरी न सांगता दुसऱ्याच गावी गेले. लक्ष्मीबाई हे सांगतात ते हसत. त्या विनोदामुळे पुस्तक घराघरांत गेले. पण त्याच विनोदामुळे आपले वाचन एका साच्यात बसले : विसरभोळा कवी आणि त्याला सांभाळून घेणारी हिकमती बायको. समीक्षेतही हाच साचा थोड्या भारदस्त शब्दांत येतो. त्यात लक्ष्मीबाईंचे कौतुक भरपूर असते. तिच्या श्रद्धेबद्दल मात्र बोलताना लेखक तिचे सोवळे कसे सुटले तेवढे सांगतात आणि थांबतात.

सोवळे सुटण्याची गोष्ट मोठी आहे, यात शंका नाही. ज्या मुलीचे वडील सोवळ्याच्या धास्तीने घरात येणारी वस्तून्‌वस्तू धूत, तिने जात मनातून टाकून देणे ही क्रांतीच. पण जात सुटल्यावर तिचे ख्रिस्ती आयुष्य संपले नाही, तेव्हा कुठे सुरू झाले. १९०० साली तिचा बाप्तिस्मा झाला, त्यानंतर १९३६ पर्यंत ती ख्रिस्ती म्हणून जगली. या छत्तीस वर्षांत तिच्या श्रद्धेचा रोजचा सराव कुठे चालला? माझ्या फुल्या सांगतात, की तो घरखर्चात चालला.

१८९५ ते १९०० ही पाच वर्षे ती नवऱ्यापासून दूर, लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने राहिली. नवरा जिवंत, पण दुसऱ्या धर्मात गेलेला. अशा बाईला नातलग कितीही चांगले असले, तरी ताटातला घास कोणाच्या पैशाचा आहे हे विसरता येत नाही. टिळकांना पैसा हे बंधन वाटे. त्याच काळात लक्ष्मीबाई हे शिकत होत्या, की आपल्या हाती पैसा नसणे हेही बंधन असते, आणि ते जास्त आवळते. पुढे दोघांचे पैशाबद्दल जे मतभेद झाले त्यांचे मूळ मी या पाच वर्षांत शोधतो. एकाने घर स्वतः सोडले होते. दुसरीचे घर तिला न विचारता सुटले होते.

त्या नगरला आल्या, तो काळ दुष्काळाचा आणि प्लेगचा. टिळकांनी अनाथ मुले घरी आणली. ती मुले जगली ती लक्ष्मीबाईंनी धान्य पुरवून पुरवून वापरले म्हणून. प्लेगच्या छावणीतही त्या सेवेला गेल्या. म्हणजे ही बाई देण्याला मागे हटणारी होती, असे कोणी म्हणू शकणार नाही. पुस्तक पुन्हा या दृष्टीने वाचले तर दिसते, की दिल्याबद्दल त्यांचा राग क्वचितच असतो. राग असतो तो न सांगता, न विचारता, न मोजता दिल्याबद्दल. द्यायचे कोणी ठरवले आणि उपास कोणाला घडला, हा त्यांचा प्रश्न आहे. हा प्रश्न व्यवहाराचा आहेच, पण मला तो आधी धर्माचा वाटतो. दुसऱ्याच्या वाट्याचे दान देऊन पुण्य आपल्या खाती मांडता येते का?

आमचे ठोमरेही या हिशेबात येतात. कवितेवर भाळून त्यांना घरात आणले टिळकांनी. त्यांना मुलासारखे सांभाळले, रुसवे काढले, खाऊ घातले ते लक्ष्मीबाईंनी. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत आणि ते होत नाहीत म्हणून त्या घरातले त्यांचे पान उचलले गेले नाही. पोटासाठी बाटवतात, या आरोपाला यापेक्षा सरळ उत्तर मला सुचत नाही. टिळकांनी ते पगार सोडून दिले. लक्ष्मीबाईंनी ते त्याच्या कितीतरी आधी, स्वयंपाकघरातून, बदल्यात काही न मागता वाढून दिले होते. आमच्या गावात बालकवींच्या निसर्गकवितेवर बोलणारे पुष्कळ आहेत. त्या कवीच्या वाट्याची भाकरी कोणाच्या काटकसरीतून आली, हे त्यांच्याकडून मी अजून ऐकलेले नाही.

५

इथे कोणी म्हणेल, की ख्रिस्ताची शिकवण तर टिळकांच्या बाजूने आहे. देवाची आणि धनाची सेवा एकदम करता येत नाही, असे येशूने स्वच्छ सांगितले. श्रीमंत तरुणाला त्याने सगळे विकून गरिबांना द्यायला सांगितले, आणि शिष्यांना वाटेसाठी थैली घेऊ नका म्हटले. खरे आहे. मी ख्रिस्ती नाही, पण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर मी हिशेबनिसाच्या चिकाटीने वाचले आहे, आणि त्याच शुभवर्तमानांत मला दुसऱ्याही काही नोंदी सापडल्या.

लूकच्या आठव्या अध्यायात सुरुवातीलाच सांगितले आहे, की येशू आणि बारा शिष्य गावोगाव हिंडत तेव्हा काही स्त्रिया त्यांच्याबरोबर असत आणि आपल्या जवळच्या पैशाअडक्यातून त्यांची सोय पाहत. मग्दालीया मरीया, सुसान्ना, आणि हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना ही नावे तिथे दिली आहेत. म्हणजे थैली न बाळगणाऱ्यांचा प्रवास बायकांच्या थैलीवर चालला होता, आणि लूकने ते लपवले नाही. योहानात शिष्यमंडळाची एक सामाईक थैली असल्याचा उल्लेख येतो. ती यहूदाकडे होती, आणि तो तिच्यातले पैसे काढून घेई. म्हणजे पैशाचा स्पर्श टाळून त्या मंडळींचेही चालले नव्हते. थैली कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न तिथेही होता. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची थोरवी येशूने सांगितली, कारण तिने दिले ते स्वतःचे होते आणि ते किती आहे हे तिला पक्के माहीत होते.

तीन-चार वर्षांपूर्वी जळगावात एका परिचितांबरोबर मी रविवारच्या उपासनेला बसलो होतो. अर्पणाची पिशवी फिरू लागली. शेजारच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईने पदराची गाठ सोडली, आतली नाणी तळहातावर घेऊन मोजली, दोन परत गाठीत बांधली आणि बाकीची पिशवीत टाकली. परत बांधलेली दोन नाणी बसभाड्याची असावीत, असे माझ्या मनात आले. त्या क्षणी मला लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाची किल्ली मिळाल्यासारखे वाटले. मोजण्याने त्या दानाची किंमत कमी झाली नव्हती. मोजले होते म्हणूनच ते तिचे दान होते.

मराठी ख्रिस्ती इतिहासात या दोन रीती एकत्र आणणारे एक मोठे उदाहरणही आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत करण्याचे मान्य केले होते. ती मुदत १८९८ मध्ये संपत आली, त्याच सुमारास दुष्काळातल्या मुलींनी केडगावचे आवार भरून गेले. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचे अनुभव रमाबाईंनी वाचले होते. कोणाकडे हात न पसरता, फक्त देवाकडे मागून म्यूलर यांनी हजारो अनाथ मुले वाढवली होती. हिंदुस्थानात असे होईल का, हा प्रश्न रमाबाईंनी स्वतःला विचारला आणि ‘मुक्ती’ त्या विश्वासावर चालवले. पण म्यूलर यांच्याबद्दल एक गोष्ट आपण विसरतो : ते कोणाकडे मागत नसत, आणि आलेल्या प्रत्येक पेनीचा हिशेब मात्र दरवर्षी छापून लोकांपुढे ठेवत. केडगावलाही शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. मुली प्रार्थना करत आणि पोटाचा उद्योगही शिकत. देवावर भरवसा टाकणे आणि वही चोख ठेवणे यांत रमाबाईंना विरोध वाटला नाही. टिळकांच्या घरात या दोन गोष्टी दोन माणसांत विभागल्या गेल्या. रमाबाईंच्या ठिकाणी त्या एकाच माणसात नांदल्या, कदाचित त्यांच्यामागे घर सांभाळणारे दुसरे कोणी नव्हते म्हणून.

६

टिळकांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. टिळकांनी रोजमेळ लिहिला असता तर ते १९१७ चे पाऊल टाकू शकले असते का? मला वाटते, नाही. पुढच्या महिन्याचे भाडे कुठून येईल हे ज्याला आधी दिसते, त्याच्या हातून असे पाऊल पडत नाही. आणि कोणीतरी ते टाकायला हवे होते. मराठी ख्रिस्ती समाजाला परक्या पैशावाचून उभे राहण्याचे स्वप्न टिळकांमुळे दिसले, ते लक्ष्मीबाईंच्या काटकसरीने दिसले नसते. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. दरबाराला दोन वर्षेही पुरती झाली नव्हती.

लक्ष्मीबाई त्यानंतर सतरा वर्षे जगल्या. मुंबई, कराची, नाशिक असे घर हलत राहिले. या काळात त्यांनी जे केले ते मला सर्वांत बोलके वाटते. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिले होते. सुरुवातीचे काही अध्यायच ते लिहू शकले होते. शाळेचे तोंड जवळजवळ न पाहिलेल्या या बाईने पुढचा सगळा भाग लिहून काढला, आणि तो ग्रंथ तिच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या धंद्यात नवरा मागे देणे ठेवून गेला आणि बायकोने ते पैसा न् पैसा फेडले, की गाव तिचे नाव आदराने घेते. लक्ष्मीबाईंनी फेडलेले देणे टिळकांनी देवाला कबूल केलेले होते. संसारात ज्या हाताने त्या पुरवून पुरवून वापरत, त्याच हाताने त्यांनी ते पुरे केले.

म्हणून मला टिळकांना मोठे आणि लक्ष्मीबाईंना त्यांच्या सावलीत उभे करणारे वाचन पटत नाही. त्याच्या उलट, सोसणारी बायको आणि बेजबाबदार नवरा असे हल्लीचे वाचनही पुरेसे वाटत नाही. त्यात लक्ष्मीबाईंचे दुःख दिसते, पण त्यांची साधना दिसत नाही. पैसा सोडणे ही एक साधना आहे. पैसा हाती असताना त्याच्या मुठीत न जाणे, तो कोणासाठी आहे हे रोज ठरवणे, देताना आपल्या वाट्याचे देणे, ही दुसरी. पहिली एका दिवसात घडते आणि लोकांना दिसते. दुसरी रोज करावी लागते आणि ती कोणी लिहून ठेवत नाही. लक्ष्मीबाईंनी ती लिहून ठेवली.

हा विषय माझ्या मानेवर का बसला, तेही सांगून टाकतो. तीस वर्षे दुकानाच्या वहीत मी पैचीही चूक होऊ दिली नाही. घरी मात्र मी टिळकच होतो, त्यांची प्रतिभा सोडून. जुनी पुस्तके, मासिकांच्या फाइली, पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांच्या खेपा यांवर मी काय खर्च केला, ते घरी कधी सांगितले नाही. ज्ञानासाठी केलेला खर्च खर्चात धरायचा नसतो, अशी माझी समजूत होती. एका वर्षी मुलीच्या कॉलेजची फी भरायच्या आठवड्यात मी एका रद्दीवाल्याकडून जुन्या अंकांचा गठ्ठा घेऊन आलो. बायको ओरडली नाही. तिने गठ्ठ्यावरची धूळ पुसली आणि एवढेच म्हणाली, ‘‘पुस्तकं आणा, मी कधी नाही म्हटलं? पण सांगून आणा. मग मीही त्यात असेन.’’ फी तिने भिशीचे पैसे उचलून भरली. ‘स्मृतिचित्रे’त मी मारलेल्या फुल्या त्या दिवसानंतरच्या आहेत.

लूकच्या पंधराव्या अध्यायात एक छोटी गोष्ट आहे. एका बाईजवळ दहा नाणी असतात, त्यांतले एक हरवते. ती दिवा लावते, घर झाडते, कानाकोपरा धुंडाळते. नाणे सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद करते. हरवलेला माणूस सापडला की देवाघरी असाच आनंद होतो, असे येशू सांगतो. मेंढपाळाची आणि उधळ्या मुलाची गोष्ट सर्वांना पाठ असते, त्या दोन्हींच्या मधली ही गोष्ट पटकन आठवत नाही. हातात दिवा आणि केरसुणी घेऊन एका नाण्यासाठी घर झाडणाऱ्या बाईची उपमा येशूने देवासाठी वापरली आहे. दहांतले एक गेले तर गेले, असे ती म्हणत नाही.

माहेरची मनकर्णिका गोखले सासरी आली तेव्हा तिचे नाव लक्ष्मी ठेवले गेले, आणि धर्म बदलल्यावरही ते तसेच राहिले. आमच्या बाजारपेठेत लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा होते. घरी बायको नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहते आणि तिच्याजवळ पणती ठेवते. यंदा त्या वहीत मी एक खाते नव्याने घातले आहे. त्याला नाव दिले आहे ‘पुस्तके’, आणि रक्कम आम्ही दोघांनी बसून ठरवली आहे.